खरेदीच्या कागदावर अपडेटची शेवटची तारीख हवी

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. क्रेन धडधाकट होत्या, माणसं कामावर होती. बंद पडले होते ते संगणक, आणि तेही फक्त इथले नव्हे. टर्मिनल ज्या डॅनिश मर्स्क समूहाचं, त्याची जगभरातली यंत्रणा त्या एका दिवसात कोसळली होती. नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने हे केलं. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं.

नॉटपेट्या फक्त विंडोजवर चालत होता. त्यामुळे त्यातून निघालेला निष्कर्षही ओळखीचाच होता: विंडोजला व्हायरस लागतो, ॲपलच्या मॅकला क्वचित लागतो, लिनक्स या मुक्त सिस्टिमला लागतच नाही. शाळेची लॅब असो, पतसंस्था असो की ग्रामपंचायत, संगणक घ्यायची वेळ आली की कुणीतरी हे सांगतंच. यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. आणि उरलेल्या अर्ध्या भागातच सार्वजनिक पैशाने घेतलेले संगणक बुडतात.

नॉटपेट्या पसरला कसा ते नीट पाहावं. युक्रेनमध्ये हिशेब आणि करभरणीसाठी एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर वापरात होतं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटच्या सर्व्हरवर ताबा मिळवला आणि कंपनीच्या अधिकृत अपडेटमधूनच मालवेअर ग्राहकांकडे पाठवलं. एकदा आत शिरल्यावर ते दोन वाटांनी पुढे जात होतं. पहिली वाट म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं भगदाड. ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिला होता, म्हणजे तीन महिने आधी. दुसऱ्या वाटेला कुठलं भगदाडच लागत नव्हतं. हाती आलेल्या संगणकाच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड उपसायचा आणि विंडोजच्या कारभारासाठीच बनवलेल्या साधनांनी शेजारच्या संगणकात रीतसर लॉगिन करायचं. त्यामुळे पॅच टाकलेले संगणकही पडले. तीस संगणक पुरवणारा विक्रेता एकच इमेज, म्हणजे सिस्टिमची तयार नक्कल, तीसही हार्डडिस्कवर उतरवतो आणि ॲडमिनचा पासवर्ड सगळीकडे सारखा ठेवतो. अशा कार्यालयात एक संगणक गेला म्हणजे तीसही गेले. यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच दिला आहे. डोमेनमधल्या, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या गटातल्या, प्रत्येक संगणकाच्या स्थानिक ॲडमिनला वेगळा पासवर्ड मिळतो आणि तो ठरावीक मुदतीने आपोआप बदलतो. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. फक्त कुणीतरी ती सोय चालू करावी लागते.

म्हणून ‘कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमला व्हायरस लागतो’ या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. कुणाचा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकतो? चालला तर त्याला किती अधिकार मिळतात? आणि भगदाड सापडलं तर ते बुजवणारं अपडेट किती दिवसांत पोचतं, आणि किती वर्षं पोचत राहणार? सिस्टिमच्या नावाने या उत्तरांत फरक पडतो, हे मान्य. पण त्याहून मोठा फरक पडतो तो संगणक हातात येतो तेव्हाच्या डीफॉल्ट सेटिंग्जने आणि अपडेटच्या मुदतीने. निदान सरकारी आणि सहकारी खरेदी तरी या दोन गोष्टींवर व्हायला हवी, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

विंडोजची बदनामी अकारण झालेली नाही. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये वापरणाऱ्यांचे अधिकार वेगळे ठेवण्याची सोयच नव्हती. जो प्रोग्रॅम चालेल तो संगणकाचा मालक. एक्सपीमध्ये ती सोय आली, पण घरगुती संगणकावर सेटअपच्या वेळी बनणारी खाती ॲडमिनचीच असायची आणि तशीच राहायची. फायरवॉल मुळात चालू अवस्थेत मिळायला ऑगस्ट २००४ चा सर्व्हिस पॅक २ उजाडला. पेनड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्रॅम सुरू करून देणारी ऑटोरनची सोय कॉनफिकरसारख्या वर्मने, म्हणजे स्वतःहून पसरणाऱ्या मालवेअरने, २००८ च्या अखेरीपासून मनसोक्त वापरली. जुन्या विंडोजमध्ये ती अपडेटद्वारे बंद व्हायला फेब्रुवारी २०११ उजाडला. यातली एकही गोष्ट वापरणाऱ्याच्या अडाणीपणामुळे झालेली नव्हती. ती कंपनीने करून ठेवलेली निवड होती.

त्यातली एक निवड आजही तशीच आहे. मे २००० मध्ये जगभर धुमाकूळ घालणाऱ्या ‘आय लव्ह यू’ची फाइल प्रेमपत्राच्या नावाने यायची, आणि त्या नावात ‘डॉट टीएक्सटी’च्या पुढे आणखी ‘डॉट व्हीबीएस’ होतं. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवायचं, त्यामुळे समोरच्याला दिसायची ती साधी मजकुराची फाइल. आज विंडोज ११ मध्येही ओळखीच्या प्रकारांची एक्स्टेन्शन्स सुरुवातीला लपलेलीच असतात. ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल पीडीएफचं चिन्ह लावून आली, तर ओळखणार कशी? फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स इतक्या तीन क्लिकमध्ये हे दुरुस्त होतं. ते कारखान्यातूनच दुरुस्त होऊन यायला हवं होतं.

बाकीच्या बाबतीत विंडोज पुष्कळ सुधारलं आहे आणि तसं न म्हणणं अन्यायाचं ठरेल. विंडोज ८ पासून अंगचा अँटिव्हायरस आहे. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलमधले मॅक्रो, म्हणजे फाइलच्या पोटातले छोटे प्रोग्रॅम, २०२२ पासून आपोआप अडवले जातात. डाउनलोड केलेल्या फाइलवर ‘ही बाहेरून आलेली आहे’ अशी अदृश्य खूण बसते आणि उघडताना इशारा मिळतो. मात्र ती खूण एनटीएफएस या फाइल सिस्टिमच्या आधारावर टिकते. बाजारातले बहुतेक पेनड्राइव्ह फॅट ३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेले असतात. फाइल डाउनलोड केली, पेनड्राइव्हवर घेतली आणि दुसऱ्या संगणकात टाकली, की खूण पुसली गेलेली असते. ज्या कार्यालयात कामाची देवाणघेवाण पेनड्राइव्हवर चालते, तिथे हे संरक्षण कागदावरच राहतं.

पेनड्राइव्हवरून आठवतो तो झेरॉक्सच्या दुकानातला ‘शॉर्टकट व्हायरस’. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि उमेदवारांचे दाखले याने जितके गिळले असतील तितके क्वचितच दुसऱ्या कुणी गिळले असतील. खरं तर तो गिळत नाही. पेनड्राइव्हवरच्या मूळ फोल्डरला ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा दोन खुणा लावून तो दिसेनासा करतो, आणि त्याच नावाचा, फोल्डरचंच चित्र असलेला शॉर्टकट वर ठेवतो. त्यावर डबल क्लिक केलं की आधी लपलेली स्क्रिप्ट चालते आणि लगेच खरं फोल्डर उघडतं, त्यामुळे शंका येत नाही. अँटिव्हायरस शॉर्टकट आणि स्क्रिप्ट उडवतो, पण खुणा तशाच राहतात. मग पेनड्राइव्ह रिकामा दिसतो, दुकानदार म्हणतो ‘उडालं सगळं, फॉरमॅट मारू’, आणि खरं नुकसान तिथे होतं. फॉरमॅट मारण्याआधी प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा पाहावी. फाइल्स दिसत नसूनही दोन-तीन जीबी भरलेले असतील, तर माल आत आहे. फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाइल्स दाखवा, आणि त्याच यादीतली ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवा’ ही टिकही काढा. बहुतेकजण पहिलीच टिक बदलतात आणि काही दिसत नाही म्हणून सोडून देतात. तोच पेनड्राइव्ह लिनक्सच्या संगणकाला लावला तर फोल्डर सहसा सरळ दिसतं, कारण विंडोजच्या या खुणा लिनक्स सहसा पाळत नाही. हव्या त्या फाइल्स तिथे काढून घ्याव्यात, शॉर्टकट आणि स्क्रिप्ट सोडून द्याव्यात आणि मगच फॉरमॅट करावं.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा. लिनक्सला हा व्हायरस ‘लागला’ नाही, पण पेनड्राइव्हवर तो होताच. न पाहता सगळं कॉपी करून दिलं असतं, तर पुढच्या विंडोजला तो लागलाच असता.

मॅकची ख्याती २०१२ मध्ये एकदा चांगलीच उघडी पडली. फ्लॅशबॅक नावाच्या मालवेअरने सुमारे सहा लाख मॅक पकडले. भगदाड जावामध्ये होतं. जावा बनवणाऱ्या ओरॅकलने फेब्रुवारीत पॅच काढला, पण मॅकसाठीचा जावा ॲपल स्वतः देत असे आणि ॲपलचा पॅच आला एप्रिलमध्ये. मधल्या काळात नुसतं एखादं बिघडवलेलं वेबपान उघडलं तरी मॅक जात होता. सिस्टिमची रचना चांगली, अधिकारांची विभागणी चांगली, आणि तरी दोन महिन्यांच्या उशिराने ते सगळं पाण्यात गेलं. ॲपलने त्यानंतर बरंच काही केलं: डेव्हलपरची सही नसलेला प्रोग्रॅम अडवणारा गेटकीपर, सिस्टिमच्या फाइल्स खुद्द ॲडमिनलाही बदलू न देणारं संरक्षण, आणि २०१९ पासून ॲप स्टोअरबाहेरच्या प्रोग्रॅमचीही ॲपलकडून तपासणी. हे सगळं असूनही आजच्या मॅकवरचं नेहमीचं संकट साधं आहे. एखादं फुकट सॉफ्टवेअर शोधताना जाहिरातीतून खोट्या साइटवर जाणं होतं. तिथे ‘टर्मिनल (म्हणजे संगणकाला थेट हुकूम लिहून देण्याची खिडकी) उघडा आणि ही ओळ पेस्ट करा’ असं लिहिलेलं असतं. ओळ चालली की पासवर्डची हुबेहूब चौकट येते. तो दिला की ब्राउझरमधले पासवर्ड, कुकीज आणि क्रिप्टोचं पाकीट बाहेर जातं. टर्मिनलमध्ये हाताने चालवलेल्या अशा ओळीपुढे गेटकीपर फारसा कामाला येत नाही. विंडोजवर हीच युक्ती ‘रन’ची खिडकी उघडायला लावून चालते, ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ अशा बहाण्याने. म्हणून एक नियम सगळ्या सिस्टिमना सारखा लागू: कुठलंही वेबपान तुम्हाला टर्मिनल किंवा रन उघडून काही पेस्ट करायला सांगत असेल, तर तिथून निघून जावं. खऱ्या कॅप्चाला याची गरज कधीच नसते.

लिनक्सविषयी मला मनापासून आस्था आहे, म्हणूनच त्याच्याबद्दलच्या अतिशयोक्तीचा जास्त राग येतो. लिनक्सचं खरं बळ दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे सॉफ्टवेअर मिळण्याची जागा. उबंटू किंवा मिंट या लिनक्सच्या तयार आवृत्त्यांवर (डिस्ट्रिब्यूशनवर) बहुतेक प्रोग्रॅम त्या डिस्ट्रिब्यूशनच्या सही केलेल्या भांडारातून येतात. गुगलवर शोधून अनोळखी साइटवरून सेटअप उतरवायची वेळ क्वचित येते. आणि अपडेट मॅनेजर एका वेळी ब्राउझर, ऑफिस, पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम, सगळ्यांचे पॅच लावतो. दुसरं म्हणजे उतरवलेल्या फाइलला चालण्याची परवानगी मुळात नसते. ती मुद्दाम द्यावी लागते. या दोन डीफॉल्ट निवडींनी सामान्य माणसावरचे कितीतरी हल्ले वाटेतच संपतात.

पण रूटचा, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड दिला नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला रूट लागत नाही. तुमची कागदपत्रं, फोटो, ब्राउझरमधले पासवर्ड तुमच्याच खात्याच्या अधिकारात असतात आणि तेवढंच त्याला हवं असतं. सी-डॅकच्या बॉस या भारतीय लिनक्सवर चालणाऱ्या सरकारी कार्यालयांना नेमकं असंच लक्ष्य केलं गेलं. सुरक्षा संशोधकांनी ‘ट्रान्सपरंट ट्राइब’ या नावाने नोंदलेला पाकिस्तानशी जोडला जाणारा गट पीडीएफचं सोंग घेतलेल्या ‘डॉट डेस्कटॉप’ फाइल्स पाठवत होता, असं २०२५ मध्ये उघड झालं. फाइल उघडली की समोर खरंच एक पीडीएफ दिसायची आणि मागे मालवेअर उतरायचं. झेरॉक्सच्या दुकानातल्या शॉर्टकटचीच ही लिनक्सवरची आवृत्ती. सरकारी कचेरीत लिनक्स आहे म्हणून हल्लेखोर परत गेला नाही. त्याने लिनक्ससाठी फाइल बनवली.

घराघरांतल्या राउटर आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्यांतही बहुतेक लिनक्सच असतं. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने अशी उपकरणं लाखोंनी पकडली, तीही कुठलं अवघड भगदाड न शोधता. कारखान्यात ठेवलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या त्याच्या यादीत होत्या, त्या एकामागून एक लावून पाहायच्या, एवढंच त्याचं काम. त्याच उपकरणांच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. आपल्याकडे सोसायटीच्या गेटवर कॅमेरे बसवणारा माणूस डीव्हीआरचा, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या पेटीचा, पासवर्ड बदलून देतो का, आणि त्या डीव्हीआरला अपडेट कुठून मिळणार, हे बिल भरण्याआधी विचारलं पाहिजे.

‘विंडोज सगळ्यात जास्त वापरलं जातं, म्हणून व्हायरस तिथे जास्त’ हा युक्तिवादही पुरा पडत नाही. डेस्कटॉपसाठी तो बराचसा खरा आहे. पण १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवर पसरलेला पहिला मोठा वर्म, मॉरिस वर्म, युनिक्सवर चालला, कारण तेव्हा नेटवर्कवर होतं तेच. आजही हल्ला जातो तो जिथे पैसा किंवा माहिती आहे आणि दार उघडं आहे तिथे. इंटरनेटचे बहुतांश सर्व्हर लिनक्सवर आहेत आणि त्यांच्यावर रात्रंदिवस स्वयंचलित हल्ले चालू असतात. तसंच ‘अमुक सिस्टिममध्ये यंदा इतक्या त्रुटी सापडल्या’ अशी तुलना करणारे तक्ते दरवर्षी फिरतात, त्यांवर भरवसा ठेवू नये. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या मंडळींनी फेब्रुवारी २०२४ पासून त्रुटींना क्रमांक देण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि जवळपास प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक द्यायला सुरुवात केली. आकडा एकदम फुगला. कर्नल त्यामुळे कमकुवत झाला नाही. मोजण्याची पद्धत बदलली.

आणि मुक्त सॉफ्टवेअर सगळ्यांना वाचता येतं म्हणून त्यात काही लपत नाही, हेही पूर्ण खरं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती टाकणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ निष्ठावान कार्यकर्त्याचं सोंग घेतलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे जाणवलं आणि त्याने मुळापर्यंत शोध घेतला, म्हणून ती जगभरच्या सर्व्हरवर पोचण्याआधी पकडली गेली. सगळ्यांना वाचता येत होतं म्हणूनच त्याला तो शोध घेता आला, हे मुक्त सॉफ्टवेअरचं श्रेय. पण ज्या प्रोग्रॅमवर जग चालतं तो एकच थकलेला माणूस फुकट सांभाळत होता, ही वस्तुस्थितीही तितकीच महत्त्वाची आहे. लिनक्स वापरणाऱ्या सरकारांनी अशा प्रकल्पांना पैसा द्यायला हवा.

आता फोन, कारण आपल्याकडच्या बहुतेक लोकांचा संगणक तोच आहे. अँड्रॉइडचा पाया लिनक्स कर्नलचा, आणि प्रत्येक ॲप वेगळ्या खोलीत कोंडलेलं. रचनेच्या दृष्टीने जुन्या विंडोजच्या कितीतरी पुढे. तरीही लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, पीएम किसानचा हप्ता, बँकेचं केवायसी अशा नावांच्या ‘डॉट एपीके’ फाइल्स व्हॉट्सॲपवर येतात आणि लोकांची खाती रिकामी होतात. ही फाइल आपोआप काहीच करू शकत नाही. पत्रिका बघायला ॲप बसवायची गरज नसते, हे पहिलं ध्यानात घ्यावं. फाइल उघडली की अँड्रॉइड आधी विचारतो, व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप बसवू द्यायचं का? इथे ‘हो’ म्हटलं की ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, आणि ओटीपी गुन्हेगाराकडे जाऊ लागतो. पुढची पायरी ॲक्सेसिबिलिटीची. दृष्टिहीनांसाठी असलेली ही सोय मिळाली की ॲप पडदा वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून बसवलेल्या ॲपला ही परवानगी सहजी देता येत नाही, पण गुन्हेगार त्या वाटेला वळसा घालायला शिकले आहेत. फाइल बसवली गेलीच असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला कळवा, मग ॲप काढा. काढताना नकार आला तर सेटिंग्जमध्ये जाऊन त्याला दिलेला डिव्हाइस ॲडमिनचा अधिकार आधी मागे घ्यावा लागतो.

आयफोनवर अशी फाइल बसतच नाही, आणि सामान्य माणसासाठी हा फार मोठा आधार आहे. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने दाखवून दिलं की पैसा आणि सत्ता पाठीशी असेल तर कुठलीही क्लिक न करता आयफोनही फोडता येतो. पण असे हल्ले मोजक्या पत्रकार, वकील, नेते यांच्यावर होतात. त्यांच्यासाठी ॲपलने २०२२ मध्ये लॉकडाउन मोड दिला. शेतकऱ्याचा हप्ता पळवणाऱ्याकडे ते हत्यार नसतं. त्याच्याकडे एपीके असते आणि दोन वर्षांपासून अपडेट न मिळालेला, आठ-दहा हजारांचा अँड्रॉइड फोन समोर असतो.

इथे पुन्हा अपडेटच्या मुदतीचा प्रश्न येतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेच्या चाव्या जपणारी चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. शाळांच्या लॅबमध्ये त्याआधीचे संगणक भरपूर आहेत, आणि ते कामाला उत्तम आहेत. काहीजण ही अट चुकवून विंडोज ११ टाकून देतात. तसं बसतं, पण अशा संगणकाला पुढची अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच हातचं जातं. त्याहून वाईट म्हणजे क्रॅक टाकून ‘ॲक्टिव्हेट’ केलेलं विंडोज. ॲक्टिव्हेटर चालवताना पहिली सूचना असते ‘अँटिव्हायरस बंद करा’. त्या क्षणी संगणक ॲडमिनच्या पूर्ण अधिकारासह अनोळखी माणसाच्या हवाली केलेला असतो.

अशा लॅबसाठी लिनक्स हाच योग्य मार्ग आहे, आणि त्याचं कारण लिनक्सला व्हायरस लागत नाही हे नाही. कारण हे, की त्या जुन्या संगणकाला पुढची काही वर्षं अपडेट मिळत राहतील. चार जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. जुनी हार्डडिस्क काढून छोटी एसएसडी टाकली तर वेगात मोठा फरक पडतो. सिस्टिम बसवण्याची आयएसओ फाइल अधिकृत साइटवरून घेऊन तिची डिजिटल सही तपासावी. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्या साइटवरचा दुवा बदलून चोरवाट असलेली आयएसओ ठेवली गेली होती. फाइल ताडून पाहायचा आकडा, म्हणजे चेकसम, त्याच साइटवरून घेतला तर तोही बदललेला असू शकतो, म्हणून सही तपासायची. मराठीची अडचण येत नाही: इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि युनिकोड फॉन्ट तयार असतात. अडचण येते ती युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फाइल्सची, टॅलीची आणि डिजिटल सहीच्या टोकनची, कारण सह्यांची अनेक सरकारी सॉफ्टवेअर्स विंडोजच धरून बनवलेली आहेत. म्हणून ग्रामपंचायतीत किंवा पतसंस्थेत ही कामं करणारा एक संगणक विंडोज ११ चा नवा घ्यावा आणि बाकीचे लिनक्सवर न्यावेत.

त्या विंडोजवर रोजचं खातं ॲडमिनचं ठेवू नये. आधी सेटिंग्जमधून वेगळं ॲडमिन खातं बनवायचं, त्यातून लॉगिन करायचं आणि जुन्या खात्याचा प्रकार ‘स्टँडर्ड’ करायचा. फाइल्स जागच्या जागी राहतात. फरक एवढाच, की काही बसवताना नुसतं ‘येस’ दाबून भागत नाही, पासवर्ड लागतो. रॅन्समवेअरपासून फोल्डर वाचवणारी ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोयही चालू करावी. ती केल्यावर एखादं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करायला नकार देतं आणि कर्मचारी वैतागून सगळी सोयच बंद करतात. त्याऐवजी त्या एका प्रोग्रॅमला परवानगीच्या यादीत टाकावं. बॅकअपची हार्डडिस्क काम झालं की काढून ठेवावी. लावलेलीच राहिली तर मूळ फाइल्सबरोबर बॅकअपही कुलूपबंद होतो.

पण हे सगळं एकेका तलाठ्याच्या, शिक्षकाच्या, पतसंस्थेच्या क्लार्कच्या माथी मारणं मला मान्य नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकायला येणाऱ्या नव्या स्मार्टफोनना किमान पाच वर्षं अपडेट देणं बंधनकारक केलं, आणि ती मुदत मॉडेलची विक्री थांबल्यापासून मोजली जाते. आपल्याकडेही असा कायदा हवा. तो होईपर्यंत वाट पाहण्याचंही कारण नाही, कारण सार्वजनिक खरेदीची अट खरेदीदारच लिहितो. निविदेत प्रोसेसर, रॅम आणि वॉरंटीच्या रकान्यांखाली आणखी तीन ओळी घालाव्यात: या उपकरणाला सुरक्षा अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळणार, हस्तांतराच्या दिवशी रोजचं खातं स्टँडर्ड असेल, आणि कुठल्याही दोन उपकरणांचा ॲडमिन पासवर्ड सारखा नसेल. पहिल्या ओळीसमोर जो पुरवठादार तारीख लिहू शकत नाही, त्याची निविदा किंमत कितीही कमी असली तरी बाद करावी.